काट्या परत

बोरखडीची मसणवटीकडे जाणारी पांदण
उकंडराव मालकाच्या तुरीला खेटून जाते.
बकाराम आज्याला नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी
तिच्या तोंडाशी काट्या पडल्या,
बाभळीच्या, हिवराच्या, बोरीच्या,
छातीइतक्या उंच.

आम्ही विहारात बसलो. लाइन गेलेली.
मी कुऱ्हाडीला धार लावून आणली होती
आणि सतरंजीखाली लपवली होती,
जणू सतरंजीखालचं बुद्धाला दिसत नाही.
अंतकला मावशीला दिसलं.
एवढंच म्हणाली, "सकायी देजो मले. लागन."

सकाळी तिनं त्याच कुऱ्हाडीच्या दांड्यानं काट्या ओढल्या,
एकेक, विंचवाची नांगी सांभाळावी तशा.
पोट्ट्यांनी काडी पेटवली.
"नाही. आपल्या नाहीत त्या."
"मंग कोनाच्या?"
"ज्याच्या त्याच्या. दुसरं शील काय म्हन्ते?
अदिन्नादाना.
कोनी देल्लं नाही ते घ्याचं नाही.
आन् देल्लं तरी, घेतलंच पाह्यजे असं कुठी हाय?"

पळसाच्या वाकानं भारा बांधला.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा,
आणि भर गावातून, मारुतीच्या पारासमोरून,
जिथं तिची आजी चपला काखेत घेऊन जायची,
मावशी चपला वाजवत गेली.
मालकाच्या दारात भारा हळूच उतरवला.
"तुमच्या काट्या. पांदनीत राह्यल्या होत्या."

रात्री पुन्हा पडल्या.
सकाळी पुन्हा परत.
मध्ये ती समुद्रपूरला गेली, जिथं समुद्र नाही,
तहसिलीत अर्ज दिला, पोच घेतली,
पोचेवर शिक्का नव्हता म्हणून परत गेली.
साहेब म्हणाले, बाई, तुम्ही तर शांतीवाले,
जरा सबुरीनं घ्या.
"शांतच हावो साहेब," ती म्हणाली,
"फक्त हटत नाही."

नवव्या दिवशी ती अंधारातच निघाली.
काट्या टाकणारा सापडला:
लचमा आत्राम, यंदाच लागलेला सालदार,
राजुऱ्याकडचा, दोन्ही तळहात फाटलेले.
मी धावत पोचलो तेव्हा
बॅटरी त्यानंच धरली होती
आणि मावशी सुईनं त्याचे काटे काढत होती.
मग बिब्बा तापवून डाग दिला.
तो ओरडला, तेवढाच त्या रात्रीचा आवाज.
कुऱ्हाड शेजारी मातीत आडवी.

दहाव्या रात्री मालकानं स्वतः टाकल्या.
ते कळतच होतं. विरळ, वाकड्या,
आणि एकीला धोतराची चिंधी अडकलेली.
मावशीनं चिंधी धुतली, वाळवली,
घडी करून भाऱ्यावर ठेवून दिली.

किती भारे झाले, आता आठवत नाही.
मोजणी आली तेव्हा तूर सोंगून झाली होती.
साखळी पडली, नकाशातून पांदण निघाली,
तलाठ्यानं दगड रोवला.
मालकाचं मन पालटलं का?
मला काय ठाऊक.
अजून मावशी दिसली की तो तोंड फिरवतो.
फिरवलेल्या तोंडानं वाट अडत नाही.

परवा मी विचारलं, "मावशे, तुले राग नव्हता येत?"
"येत नव्हता त! रोज. भाऱ्याहून जड.
म्हनून त डोक्यावर घेत होती,
हातात नाही."

तिच्या उजव्या तळव्यात एक काटा आतच राहिला.
थंडीत ठणकतो.
आम्ही सुई आणली की मूठ मिटते.
"राहू दे. हा म्या घेतला."

कुऱ्हाड तिच्याकडेच आहे, चुलीमागं.
तिनं अजून दिली नाही.
मी घेतली नाही.